कर्नल सरदेशमुखांचा बोगद्यातला पहिला शनिवार

काशिनाथ सरदेशमुखांच्या कार्डावर ‘सरदार, कर्नल (निवृत्त)’ असं छापलेलं होतं. सरदारकी पणजोबांची, जमीनजुमला गेला, ती मात्र नावाला चिकटून राहिली. कर्नलपद त्यांनी स्वतः कमावलं. पुढे चंद्रपूरजवळच्या कोळसा खाणीत वीस वर्षं मॅनेजरकीही गाजवली. आणि आता, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, परदेशात हॅमिल्टनला लेकीच्या घरी ते डिशवॉशर लावत होते. तोही दिवसातून तीनदा, कारण स्वप्नाने ठेवलेल्या ताटल्या त्यांना सावधान उभ्या वाटत नसत.

“बाबा, बसा हो जरा!”

“बसून गंज चढतो.”

शेवटी वैतागून स्वप्नानेच त्यांना जवळच्या जुन्या खाणगावातल्या छोट्या संग्रहालयात वाटाड्याचं काम बघून दिलं. बिनपगारी, दर शनिवारी. पण पहिली फेरी तिथल्या व्यवस्थापक मॉरीनबाईंना पसंत पडायला हवी होती. नापास झालो तर पुन्हा डिशवॉशर, या धास्तीने कर्नलांनी आठवडाभर घरात येरझारा घातल्या. फेरीच्या आधी मॉरीन संग्रहालयातला बोगदा दाखवायला निघाली, तर “मला खाण दाखवता?” म्हणून त्यांनी तिलाच थांबवलं.

शनिवारी बारा पर्यटक, नात सिद्धी आणि मॉरीन यांना घेऊन ते अंधाऱ्या बोगद्यात शिरले. आत गेल्यावर आधी काठीने छत ठोकायचं, ही खाणीतली सवय. खणखणीत वाजलं तर दगड पक्का. पोकळ वाजलं तर पळायचं.

ढब्ब! दोन पावलं पुढे, पुन्हा ढब्ब!

“एव्हरीबडी आउट!” कर्नल गरजले. एका आजीबाईंना तर त्यांनी जवळजवळ उचलूनच बाहेर आणलं आणि स्वतः दारात आडवे उभे राहिले.

“आजोबा, इट्स प्लायवुड,” सिद्धी म्हणाली.

बोगदाच बनावट होता. कर्नलांचे कान लालबुंद झाले. पर्यटकांना मात्र तो खेळाचाच भाग वाटला, टाळ्या थांबेनात.

“कर्नल, दर शनिवारी अस्संच करा,” मॉरीन डोळे पुसत म्हणाली. “काम तुमचं!”

कर्नलांनी काठी जमिनीवर टेकवली.

“नाही. खोटी ओरड मी देणार नाही. खाणीत माझ्या ओरडण्यावर विश्वास ठेवून माणसं पळाली, म्हणून वाचली.”

मॉरीनचं हसू ओसरलं. “मग करणार काय?”

“शेजारी एक खरा दगड ठेवा. लोकांना दोन्ही ठोकायला लावीन. कानाला फरक कळला पाहिजे.”

“बरं. पुढच्या शनिवारपर्यंत बघते दगडाचं.”

पण कर्नल बाह्या सारून केव्हाच मागच्या टेकडीकडे निघाले होते.

“सिद्धी, पहार आहे का विचार गं त्यांना! लवकर!”