किलर मास्तरांचं स्टूल

आमच्या सोलापूरच्या कारखान्यात ‘किलर’ अशी हाक मारली की वळून बघणारा माणूस एकच, आणि त्याने उभ्या जन्मात डासही मारला नसेल! हे आमचे रंगाचे मास्तर. टॉवेलचं सूत पेरॉक्साइडने पांढरं करतात. पण ते सुतात उरलं तर पुढचा रंग खातं. म्हणून टाकीत कॅटलेज नावाचं एन्झाइम ओततात. ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. आमचे कामगार त्याला किलर म्हणतात, आणि ते ओतणाऱ्या मास्तरांनाही. मास्तरांना ते नाव आवडत नसे. “मारतंय कुठं, मालक? जाळणाऱ्याचं पाणी करतंय, आन् सोता हाय तसंच ऱ्हातंय.”

एकच पथ्य. टाकी निवल्याशिवाय ओतायचं नाही. उकळत्या पाण्यात एन्झाइमच मरतं. तोवर मास्तर स्टुलावर बसत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला धरत. “बसा की! थंड व्हायचंय अजून.” बायको गेलेली, मुलगा हैदराबादला. मास्तरांची मायबोली तेलुगू; ती बोलायला घरी भिंतीच होत्या. टाकी केव्हाच गार झालेली असे. मास्तरांनाही ते ठाऊक होतं, मलाही. मी आपला बसे, चहा मागवे आणि त्याच गोष्टीला पुन्हा नव्याने हसे. नाटक दोघांचंही झकास चालायचं.

एकदा मुलगा येणार होता, दुपारच्या गाडीने. मास्तर कडक इस्त्रीचा सदरा घालून हजर! वाफाळत्या टाकीतच त्यांनी किलर ओतलं. मी ओरडलो, “मास्तर, गरम आहे!”

“असू द्या वो, पोरगं स्टेशनावर उभं ऱ्हाईल.”

पाठोपाठ रंग सोडला, तर निळ्या सुतावर फिकट डाग उठले. तेवढ्यात फोन वाजला. मास्तर तेलुगूत दोनच शब्द बोलले आणि स्टुलावर बसले.

“काय झालं?”

“रजा न्हाय म्हणं.” सुताची लडी हातात घेऊन त्यांनी डागावरून बोट फिरवलं. “उगाच घाई केली की, मालक.”

गेल्या थंडीत मास्तर गेले. सगळं आटोपल्यावर मुलगा कारखान्यात आला, खांद्याला बॅग, नजर घड्याळावर. “काका, निघतो. एक विचारू? आमचे नाना इथं नेमकं काय करायचे?”

मी टाकीकडे पाहिलं. ती सकाळपासून बंद होती. मास्तरांचं स्टूल मी त्याच्यापुढे सरकवलं.

“बस की,” म्हटलं, “थंड व्हायचंय अजून.”