एका माणसाचं टेबल

लढाऊ बोटी तीन झाल्या, नाव एकच: ‘ससाणा’. पहिली भंगारात गेली, दुसरीही गेली, तिसरी सध्या धक्क्याला उभी आहे. वर्षातून एकदा तिन्हींवरची माणसं बंदराजवळच्या सभागृहात जेवायला जमतात. प्रत्येक बोटीचं टेबल वेगळं.

पहिलीच्या टेबलावर गेली काही वर्षं दोघेच उरले होते. एक बोटीचा आचारी आणि दुसरे भट्टीत कोळसा मारणारे, म्हणून नाव पडलेले कोळसेकाका. यंदा आचारी वारला.

काका वेळेआधीच येऊन बसले. दुसऱ्या बोटीचा वायरलेसवाला जवळ आला.

“काका, एकटे कशाला बसताय? आमच्यात या. नाव तर एकच ना?”

“नाव एक आहे रे. तुमच्याकडे नळ फिरवला की भट्टीत तेल. आम्ही फावडं मारायचो.”

“झालं, फावडेपुराण सुरू!” तो हसत निघून गेला.

काकांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. दर वर्षी ते तिथं बसलेल्या आचाऱ्याला सांगायचे: कोळसा ढिगानं टाकायचा नसतो, पातळ पसरायचा. दार उघडं राहिलं की वाफ उतरते. आचाऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण तो मान डोलवायचा.

जेवणं सुरू झाली. शेजारच्या टेबलावर वायरलेसवाला रंगात आला होता. “वादळात बोट अशी कलली, आणि आमचा आचारी चहाची किटली घेऊन शिडीनं थेट भट्टीपर्यंत उतरला! थेंब सांडला नाही!”

काकांचा घास तोंडातच राहिला. दर वर्षी आचारीच हे सांगायचा, याच टेबलावरून.

“तो आमचा आचारी!” काका ओरडले.

“असू दे की काका, ‘ससाण्या’वरचाच ना!”

सगळे हसले. इथून ओरडून काही होणार नव्हतं. तिथं गेलं, तर पुढच्या वर्षी हे टेबल कोणी मांडणार नव्हतं.

काकांनी ताट उचललं. तिकडच्यांनी सरकून जागा दिली.

“थेंब सांडला नाही म्हणे! अर्धी किटली छातीवर सांडली त्याच्या. कातडी सोलली, तरी किटलीची कडी सोडली नाही. मी होतो खाली. पहिल्यापासून सांगतो, गप्प ऐका.”

मागं वाढप्यांनी रिकामं टेबल उचललं आणि भिंतीशी नेऊन ठेवलं. त्याचे पाय फरशीवर खरखरले. काकांनी आवाज चढवला.