गुलाबी पत्रकावरची बोरं

आमच्या घरात कागद कधी वाया गेला नाही. वाया गेला तो मजकूर. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या शाळेत मास्तर होते आणि शाळा सुटली की पत्रकं लिहायचे. हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, एका वर्षी तर डासांविरुद्धसुद्धा. सेलूच्या छापखान्यातून गठ्ठे यायचे. निम्मे वाटले जायचे, निम्मे घरी उरायचे, आणि त्या उरलेल्या निम्म्यांवर माझं लहानपण गेलं. फळीवर अंथरायला पत्रक, भज्यांचं तेल टिपायला पत्रक, पुस्तकाला कव्हर पत्रकाचं. मला अक्षरओळख झाली ती 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा' या ओळीवर. पुढे मीही पत्रकं लिहायला लागले यात माझा काही दोष आहे असं मला वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात ताई दोन लेकरं घेऊन आमच्याकडे राहायला आली. कितीतरी परीक्षा दिल्यावर तिला सेलूच्या शाळेत कायमची नोकरी लागली होती. आमचं गाव देवगाव फाट्याजवळ. फाट्यावर गेलं की सेलूला जायला काही ना काही मिळतं. नवरा पुण्यात, सासू-सासरे पुण्यात आणि लेकरं आईबरोबर इकडे, असं ठरलं. सासूबाईंची अट एकच होती: लेकरांची आबाळ होता कामा नये. झाली, तर ताईनं नोकरी सोडून परत यायचं. ही अट त्यांनी फार प्रेमानं घातली होती, त्यामुळे तिच्याविरुद्ध पत्रकही काढता येत नव्हतं.

सात वर्षांचा भाचा आठवडाभरात गावचा झाला. व्हिडिओ कॉलवर "आजी, मी लय भारी हाय" असं सांगून त्यानं पुण्यात थोडी खळबळ उडवली, पण त्याचे गाल शाबूत होते. प्रश्न पाच वर्षांच्या भाचीचा होता. तिला भाकरी टोचायची, वरण तिखट लागायचं आणि दुधाला म्हशीचा वास यायचा. (दूध म्हशीचंच होतं.) ती खायची फक्त पोळी, दुकानातला लालभडक जॅम लावून. पुण्याहून आणलेली बाटली संपली आणि तिचं जेवणही संपलं. रोज संध्याकाळी सासूबाई फोनवर म्हणायच्या, "बाळा, जवळ ये, गाल दाखव." भाची गाल दाखवायची. मग सासूबाई ताईला म्हणायच्या, "बघ हं." एवढंच.

दुसरी बाटली आणावी तर तिथे मी आडवी आले. दिवाळीत मीच एक पत्रक काढलं होतं: 'लेकरांच्या ताटातलं विष ओळखा'. खाण्यातले खोटे रंग, चकचकीत पाकिटं, कंपन्यांची लबाडी, सगळं त्यात होतं, आणि गुलाबी कागद स्वस्त पडतो म्हणून गुलाबी कागदावर होतं. त्याचे निम्मे गठ्ठे अर्थातच घरी होते. अशा घरात तो जॅम कसा येणार?

"तुझी तत्त्वं माझ्या नोकरीवर नको चालवू," ताई म्हणाली.

"मी घरी जॅम करते," मी म्हणाले. "बोरांचा. बांधावर झाड आहे, लेकरं आहेत. आपण काय कमी आहोत?"

आई चुलीपाशी होती. ती वळून न बघता म्हणाली, "हिला चहा उतू न घालता जमंना, आन् जाम करायलीय."

दुसऱ्या दिवशी लेकरांना घेऊन मी शेतात गेले. जाताना वाटेत त्यांना स्वावलंबन म्हणजे काय ते सांगितलं. भाचा हरभरा उपटून खात होता आणि भाची चप्पल चिखलात अडकली म्हणून उभी होती, त्यामुळे विषय तिथेच राहिला. आमचं बोराचं झाड जुनं, गावरान. बोरं लहान, आंबटगोड आणि काटे मात्र ऐसपैस. खाली आईची जुनी साडी अंथरली आणि मी काठीनं फांदी झोडपली. बोरांचा सडा पडला. भाचीनं एक उचललं, चावलं आणि किंचाळली.

"मावशी, यात अळी आहे!"

"अळी आहे म्हणजे औषध मारलेलं नाही," मी म्हणाले. "हे चांगलं लक्षण आहे."

"मग तू खा."

तत्त्वासाठी माणसाला काय काय करावं लागतं. मी खाल्लं. भाच्यानं टाळ्या वाजवल्या आणि दिवसभर माझ्यासमोर निवडून निवडून किडकी बोरं आणून ठेवली.

पहिला जॅम मी गुळात केला, कारण साखरेविरुद्धही आमचं एक जुनं पत्रक होतं. बोरं उकडली, चाळणीवर चोळून गर काढला, बिया बाजूला केल्या. बाटल्या उकळत्या पाण्यात टाकल्या, त्यातली एक तडकली. गर आटून जे तयार झालं ते चवीला खरंच चांगलं होतं. भाची बाटलीजवळ आली, तिनं वास घेतला आणि म्हणाली, "हे शेण आहे."

"बाळा, हा जॅम आहे."

"जॅम लाल असतो."

भाच्यानं चमच्यानं अर्धी बाटली संपवली आणि निकाल दिला, "शेण लय गोड हाय." त्यानं बहिणीचं मत बदललं नाही. त्या संध्याकाळी सासूबाई "बघ हं" म्हणाल्या नाहीत. त्यांनी ताईला विचारलं, "तुमच्याकडे नोटीस किती दिवस आधी द्यावी लागते?"

ताई रात्रीचं न जेवता झोपली. दुसऱ्या दिवशी मी तडजोड केली: साखर वापरायची. पण स्वच्छतेत तडजोड नाही. लेकरांकडून मी नवी बोरं मिठाच्या पाण्यात धुवून घेतली, मग साध्या पाण्यात, मग पुन्हा. आई म्हणाली, "बोरं पुसून घे माय, फडक्यावर पसर." पण फडकी कुठे होती? आईच्या साडीवर लेकरांनी चिखलाचे पाय उमटवले होते. कागद मात्र भरपूर होता. मी दिवाळीचा एक गठ्ठा सोडला, गच्चीवर पत्रकं अंथरली आणि ओलीगच्च बोरं त्यांवर पसरली. संध्याकाळ झाली, थंडी होती, दव पडायला लागलं. बोरं रात्रभर तशीच राहिली.

सकाळी मी ती अंधुक उजेडातच गोळा करून आणली. पिकलेलं बोर तसंही तांबूसच असतं. पण गर साखरेत शिजायला लागला तसा त्याला रंग चढायला लागला. आधी गुलाबी, मग लाल, मग थेट दुकानातल्यासारखा. मी पातेल्यापाशी उभी राहून थक्क झाले. भाची आली. तिनं बोट बुडवलं, चाटलं आणि म्हणाली, "हा जॅम आहे."

तिनं दोन पोळ्या खाल्ल्या. दुपारी आणखी एक. ताई शाळेतून आली आणि हे ऐकून चप्पल न काढताच मुलीला उचलून घरभर फिरली. संध्याकाळी सासूबाईंनी स्क्रीनवर लाल ओठ बघितले आणि पहिल्यांदाच हसल्या. जेवताना मी बोलण्याची संधी सोडली नाही. "बघा," मी म्हणाले, "कंपन्या ज्या रंगासाठी रसायनं घालतात, तो आपल्या बांधावर फुकट मिळतो. निसर्गाचा रंग आहे हा. यावर पत्रक व्हायला पाहिजे."

अण्णा मान हलवत म्हणाले, "मुद्दा चांगलाय." आईनं चमचाभर जॅम जिभेवर ठेवला आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

नव्या पत्रकाचा कच्चा खर्डा करायला कागद हवा म्हणून दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेले. दिवाळीची पत्रकं तिथेच वाळून पडली होती. गुलाबी कागदावर पांढरे गोल गोल डाग होते, एकेका बोराएवढे. मधला एक कागद तर सगळाच पांढराफटक झाला होता आणि त्यावर काळ्या अक्षरांत शिल्लक होतं: 'विष ओळखा'.

मी खाली आले आणि घरात सांगितलं. आधी कुणाला कळलंच नाही. मग अण्णांना कळलं.

"म्हणजे पत्रकाचा रंग पोरीच्या पोटात गेला?"

"हो."

"चला," अण्णा म्हणाले, "आपलं पत्रक कुणाच्या तरी पोटात तरी शिरलं."

ताईला हसू आलं नाही. तिनं सेलूच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी सगळं दोनदा विचारून घेतलं, कारण पहिल्यांदा त्यांना वाटलं की मुलीनं कागद खाल्ला. मग म्हणाले, एका दिवसाच्या खाण्यानं काही होईल असं वाटत नाही, पाणी पाजा, काही त्रास झाला तर घेऊन या, पण ते आता देऊ नका. भाची तोवर अंगणात भावाच्या पाठीवर बसून घोडा घोडा खेळत होती.

मी बाटल्या घेऊन उकिरड्याकडे निघाले. आई कळवळली, "समद्या टाकायलीस? आता कुठं पोरगी खायला लागली होती!" पण मी टाकल्या. भाचीनं ते बघितलं. तिनं जो गळा काढला तो फाट्यापर्यंत गेला असावा. दिवसभर तिनं अन्नाला हात लावला नाही, आणि संध्याकाळी फोनवर भाच्यानं सगळा वृत्तांत दिला. "आजी, मावशीनं जाम उकिरड्यावर फेकला. त्यात पत्रक होतं. पत्रकात विष हाय."

पलीकडून आवाज आला, "रविवारी मी येतेय. तिचे कपडे भरून ठेवा."

ताईनं फोन ठेवला. ती मला काही बोलली नाही, मुलीच्या फ्रॉकच्या घड्या करायला लागली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. मी वाद घालू शकले असते.

तेव्हा आई उठली. तिनं बाजारातून आणलेलं बीट टोपलीतून काढलं, किसलं, फडक्यात पिळलं आणि मला म्हणाली, "बोरं आण. आन् आता गप बस." पुन्हा झाड, पुन्हा काटे. बोरं आईनं एकेक पुसून आपल्या धुतलेल्या साडीवर वाळवली. गर साखरेत शिजवताना बिटाचा रस घातला. जॅम लाल झाला. मला राहवलं नाही. बाटलीवर मी चिठ्ठी चिकटवली: 'बोरं, साखर, बीट'. लेकराला फसवायचं नाही, एवढं तरी आमचं उरलं होतं.

भाची बाटलीपुढे बसली. तिनं रंग बघितला. पोळीचा कोपरा बुडवला, चाखला आणि संशयानं माझ्याकडे बघितलं.

"यात पत्रक घातलंय?"

"नाही, सोन्या. अजिबात नाही."

"मग मला नको." तिनं ताट ढकललं. "पत्रकाचा पाहिजे. घाल ना मावशी, पत्रक घाल."

आमच्या घराण्यात इतकी वर्षं पत्रकं निघाली. बाजारात, जत्रेत, शाळेपुढे आम्ही ती लोकांच्या हातात कोंबली आणि लोकांनी त्यांत शेंगदाणे बांधले. कुणीतरी आपणहून पत्रक मागावं ही पहिलीच वेळ होती, आणि मला नकार द्यावा लागणार होता.

अण्णा उठले. उरलेल्या गठ्ठ्यातलं एक कोरडं पत्रक त्यांनी काढलं आणि बाटलीला बाहेरून गुंडाळून दोरा बांधला. माझी चिठ्ठी त्याखाली झाकली गेली. "घे," ते म्हणाले, "घातलं पत्रक." भाचीनं कागदावरून हात फिरवला, खात्री केली आणि पोळी पुढे ओढली.

रविवारी पुण्याची गाडी आली तेव्हा ती तिसरी पोळी खात होती. सासूबाई तिच्या शेजारी टेकल्या. त्यांनी गाल चाचपले, डावा, मग उजवा. मग बाटली उचलली, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "लेकरांच्या ताटातलं विष ओळखा." त्यांनी बाटली फिरवत पहिल्या ओळीपासून खालच्या 'आपले नम्र'पर्यंत सगळं पत्रक वाचून काढलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. असा वाचक मला कधी मिळाला नव्हता.

"खरं आहे हो," शेवटी त्या म्हणाल्या. "बाहेरचं काही देऊच नये." त्यांनी बोटानं जॅम चाखला. "हा घरचा?"

"घरचा," आई म्हणाली.

चहा झाला. रात्रीपर्यंत त्यांना पुणं गाठायचं होतं. निघताना भरलेली बॅग दारात होती. सासूबाईंनी ती बघितली आणि ताईला म्हणाल्या, "आत ठेव ती. एक बाटली दे मला, ह्यांना आवडेल." ताई आत पळाली. ती बाटली घेऊन आली, तर सासूबाई म्हणाल्या, "कागदासकट दे."