लेख उघडत नाहीत

आज राजनंदिनीची तोंडी परीक्षा होती. ताडकळसच्या थांब्यावर एसटीची वाट बघता बघता तिनं सुकेशनी मॅडमचा निरोप पुन्हा वाचला. मॅडम परभणीच्या कॉलेजात तिच्या मार्गदर्शक. "बाहेरचे परीक्षक म्हणतात, तुझ्या प्रबंधातला एकही संदर्भ उघडत नाही. दुपारच्या तोंडी परीक्षेआधी सगळे पूर्ण लेख उघडून दाखव. नाहीतर प्रबंध परत जाईल."

तिनं मोबाईलवर एका लेखाचा पत्ता दाबून पाहिला. लेखाऐवजी पासवर्ड मागणारं पान आलं. दुसरा दाबला, तेच. आता परीक्षकांना काय वाटणार? पोरीनं लेख मनानंच रचले, दुसरं काय!

शेळ्यांच्या पोटातल्या जंतांवर तिचा प्रबंध होता. घरात पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या-मेंढरं, त्यामुळं विषय शोधायला लांब जावं लागलं नव्हतं. एवढं शिकलेली घरातली ती पहिलीच. पहिलं असण्याचं कौतुक लोकांनीच करावं; जी असते तिला धड झोप लागत नाही.

परभणीत पोचल्यावर कॉलेजच्या ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर मात्र तेच पत्ते झटकन उघडले. मॅडमनी कपाळाला हात लावला. "अगं, इथं बसून वरचा पत्ता जसाच्या तसा उचललास होय? तो इथल्याच लॉगिननं उघडतो. लेखकाचं नाव, नियतकालिक आणि लेखाचा कायमचा क्रमांक द्यायचा असतो. चल, बदलून टाक."

राजनंदिनीचा जीव भांड्यात पडला. एकेक लेख उघडत, क्रमांक लिहीत ती शेवटाकडं आली आणि तिथं तिचा हात अडला. हा लेख तिनं कधी उघडलाच नव्हता. सारांश वाचावा आणि संदर्भ ठोकून द्यावा, ही त्यांच्या वर्गाची वहिवाट. इंग्रजीची एवढी पानं कोण वाचत बसतंय! सारांशात सगळं असतं, असं सीनियर छातीठोकपणे सांगायचे.

सारांशात एवढंच होतं: कडुलिंबाचा पाला खाऊ घातला की शेळ्यांचे जंत कमी होतात. तिनं त्यावर अख्खं प्रकरण उभं केलं होतं.

आता तिनं पूर्ण लेख उघडला. शेवटून दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, की जंत कमी झालेल्या शेळ्या गोठ्यात बांधलेल्या होत्या. रानात चरणाऱ्या शेळ्यांत पाल्यानं काहीच फरक पडला नाही.

"एक परिच्छेद बदल, परीक्षकांना मी समजावते," मॅडम ते वाचून म्हणाल्या आणि परीक्षकांच्या खोलीकडं गेल्या.

राजनंदिनी जागची हलली नाही. दिवाळीत तिनंच आईला सांगितलं होतं, की जंताची दवाई बंद कर, पाला घाल. त्यांच्या शेळ्या तर दिवसभर रानातच असतात. मागच्या आठवड्यात आई म्हणाली होती, की कबरी शेळीच्या जबड्याखाली सूज आलीय, जंतानं येते तशी. तेव्हा हिनं अभ्यासाच्या घाईत उडवून लावलं होतं, पाला चालू हाय ना, मग जंत कशाचे?

तिनं घरी फोन लावला. आईनं, कासाबाईनं, उचलला.

"माय, कबरी कशी हाय?"

"पडून हाय सकाळपासून. तू परीक्षेला निघालीस, कशाला सांगावं म्हनलं."

"माय, दवाई दे. आत्ताच्या आत्ता. समद्यांला दे."

"पर तूच म्हनलीस ना, पाला लय झाला? लेखात हाय म्हनलीस."

पलीकडच्या खोलीतून मॅडम राजनंदिनीचं नाव घेऊन हाक मारत होत्या.

"मी समदा लेख वाचला नव्हता, माय. वरवर वाचून सांगितलं तुला."

कासाबाईनं हळूच विचारलं, "आता वाचलास का समदा?"

"हो," राजनंदिनी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

"मग देते," आई म्हणाली.