रविवारी न उगवणारे कण

वरच्या मजल्यावरच्या त्या सरांचं नाव काढलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या इमारतीत मी एकोणीस वर्षं लादी पुसतेय, तेव्हा बोलायचा हक्क आहे मला.

सरांच्या हाताखाली एक मुलगी पीएचडी करत होती. सगळे तिला कणवाली म्हणायचे. हवेतल्या वायूंपासून डोळ्यांना न दिसणारे कण कसे जन्मतात, ते ती मोजायची. गच्चीलगतच्या खोलीत तिचं यंत्र, त्याची नळी खिडकीशी. रोज सकाळी साडेदहाला पडद्यावर कणांची रेघ उसळायची. सर खूश. इथल्या हवेत रोज कण जन्मतात म्हणून त्यांनी लेख लिहिले, सभा गाजवल्या. पोरीनं मात्र चार वर्षं डबा खातानासुद्धा पडद्यावरची नजर काढली नाही.

तिला एकच गोष्ट खुपायची. रविवारी कण नसायचे. सर म्हणायचे, रविवारी रस्त्यावर गाड्या कमी, उगाच डोकं खाऊ नकोस.

मग मला ताप आला. आठ दिवस मी घरी, आणि आठही दिवस कण गायब. परतले तर ही दारात उभी. मावशी, इथं कशानं पुसता? मी बाटली दाखवली, लिंबाच्या वासाची. तिनं लगेच खोली पुसायला लावली, अन् आमच्या डोळ्यांदेखत रेघ वर चढली. त्या वासातलं काहीतरी बाहेरून येणाऱ्या ओझोनला मिळालं की तिथंच कण तयार होतात म्हणे. मी ती खोली रोज दहाला पुसते, आणि रविवारी तर माझी सुट्टी. हवामान खात्यापासून परदेशापर्यंत सगळ्यांना विचारून झालं होतं. मी रोज त्यांच्याच पायांखालून फडकं फिरवत होते, मला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही!

सरांनी काय करावं? तिला म्हणाले, लिही, सफाईवालीनं ती बाटली दोन महिन्यांपूर्वी स्वतःच्या मनानं आणली. तेवढे दोन महिने वगळू, बाकीचं शाबूत, पुढच्या महिन्यात पदवी. मी तिथंच फडकं पिळत होते. मी काय खुर्ची आहे, की टेबल? फिनाईलच्या वासानं डोकं दुखतं म्हणून ती बाटली याच गृहस्थांनी मागवली होती, तेही कणवाली यायच्या आधी, आणि हे मी तिला सांगितलं होतं.

परीक्षक आले त्या दिवशी मला बोलावून कोपऱ्यात उभं केलं. सर तिला म्हणाले, चूक कुणाची ते सांगून टाक.

"बाटली सरांनी मागवली, पहिल्यापासून तीच आहे," ती म्हणाली. "मावशींनी त्यांचं काम चोख केलं. माझी चारही वर्षं बाद धरा."

परीक्षकांनी तिच्या प्रामाणिकपणाचं तोंडभर कौतुक केलं आणि पदवी नाकारली. सरांचं काय झालं म्हणता? डोंबल. लेख मागे घेतो म्हणाले, अजून घेतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती गच्चीवर, नळी उंच खांबाला बांधत होती. मी तिच्यावरच खेकसले. कशाला हा शहाणपणा? एवढंसं खोटं माझ्या नावावर खपलं असतं. मला फार तर काढून टाकलं असतं, दुसरीकडे लादी काय कमी आहे? तू डॉक्टर झाली असतीस.

"झाले असते," गाठ आवळत ती म्हणाली. "आणि मग तुम्ही पुसलेल्या जिन्यावरून वर कशी चढले असते?"