गोळ्यावरचं कुंकू
ओल्या कुंकवाचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. गोंदियाला राइस मिलच्या पंख्यांची पाती बनवणाऱ्या कारखान्यात मी तपासणीच्या मशीनवर होतो. मशीनची सुई पात्याच्या वळणावरून फिरायची आणि कॉम्प्युटर ते वळण ड्रॉइंगशी ताडून बघायचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुई नेहमीप्रमाणे मशीनवरच्या ठरलेल्या मापाच्या चकचकीत गोळ्याला टेकवून जुळवली, तरी प्रत्येक पातं नापास होऊ लागलं. शेठ पाती घडवणाऱ्या मिस्त्रीवर ओरडले, "पूरा माल बिगाड़ दिया, घर जा!" आमगावचा तो मिस्त्री म्हणाला, "मी तं रोजच्यासारखंच करून राहिलो, आधी मशीन पाहा ना." कोणी ऐकलं नाही, तो डबा उचलून निघून गेला. मी सॉफ्टवेअरमध्ये वळण पुन्हा भरलं, बिंदू वाढवले, दिशा उलटी केली, पण फरक सगळीकडे तेवढाच. म्हणजे सुईचंच माप चुकलं होतं. गोळ्याच्या मागून बोट फिरवलं, तर ते लाल झालं. शेठनी पूजेत तिथे टिळा लावला होता आणि सुई त्या वाळक्या थराला टेकून जुळली होती. गोळा स्पिरिटने पुसला, सुई पुन्हा जुळवली, आणि तीच पाती पास झाली. लाल कापूस घेऊन मी शेठकडे धावलो, म्हटलं, मिस्त्रीला बोलवा. ते कापसाकडे बघत म्हणाले, "भगवान का टीका काहे पोंछ दिया?" कापूस मी त्यांच्या टेबलावर फेकला. मिस्त्री परत आला नाही. आज दुसऱ्या कारखान्यातल्या माझ्या मशीनलाही दसऱ्याला हार असतो, पण कुंकवाचं बोट गोळ्याकडे वळलं की मी मनगट धरतो, आणि ते कोणाचंही असो, मला शेठचंच वाटतं.