फुंकणीचा पुढचा दात

फुंकणीला हे नाव तिच्या धाकट्या भावाने ठेवलं. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ती बारा. पुढे तिने मोठमोठ्या हॉटेलांत वाजवलं, दोन जहाजांवर वाजवलं, रेडिओवर वाजवलं, शिकवलं, टाळ्या घेतल्या. पण घराच्या उंबऱ्यावर आली की ती पुन्हा फुंकणी. तिची तक्रारही नव्हती. जे करतो तेच नाव असलेली माणसं जगात किती असतात?

सुरुवात शाळेच्या बँडमध्ये झाली. वाद्यं वाटण्याची बँडमास्तरांची पद्धत साधी होती. मुलांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करायचं, वाद्यं आकाराप्रमाणे टेबलावर मांडायची आणि दोन्ही रांगा जुळवून टाकायच्या. कान, आवड, हौस असल्या भानगडीत मास्तर पडत नसत. फुंकणीला मोठा ड्रम हवा होता. ती रांगेत शेवटून दुसरी. शेवटच्या मुलीला बासरी गेली, हिच्या हातात क्लॅरिनेट आलं.

“ड्रम कधी मिळेल, सर?”

“उंच झालीस की.”

ती उंच झाली. सतराव्या वर्षी दारातून जाताना मान वाकवण्याइतकी झाली. पण तोवर ड्रम डोक्यातून गेला होता, कारण बँडच्या कपाटात तिला एक पोचा आलेला सॅक्सोफोन सापडला होता. क्लॅरिनेटने जो सूर सहा महिने मनधरणी करून घेतल्यावर दिला, तो या बाबाने पाच मिनिटांत देऊन टाकला. क्लॅरिनेट म्हणजे शिस्तीची आत्या. पाय पुसल्याशिवाय आत घेणार नाही. आणि सॅक्सोफोन म्हणजे घरात शिरल्या शिरल्या मोठ्याने हसणारा मामा. तिने दोघांनाही सोडलं नाही.

या प्रेमाचा त्रास झाला तो भावाला. दोघांची खोली एक, मधे कपाट उभं करून भिंत केलेली. कपाटाच्या अलीकडे भाऊ दातांच्या डॉक्टरकीचा अभ्यास करायचा आणि पलीकडे ही एकेक सूर घड्याळ लावून चाळीस सेकंद धरून बसायची. एकच सूर. सकाळभर.

“ताई, एक तर सूर बदल, नाही तर खोली बदल!”

“तू दाढा पाठ कर. त्या कुठे बदलतात?”

तरीही तो डॉक्टर झाला, घराजवळच्या चौकात औषधाच्या दुकानावर दवाखाना थाटला, आणि बहीण वाजवते ते जाझ आपल्याला कळत नाही असं अभिमानाने सांगत राहिला. “सगळे एकदम वेगवेगळं वाजवतात आणि चुकलं की माना डोलावतात,” हे त्याचं जाझबद्दलचं एकूण मत. बहिणीच्या प्रत्येक कार्यक्रमाला मात्र पहिल्या रांगेत. का, तर म्हणे मागे बसलं की डास चावतात.

फुंकणीची कारकीर्द जोरात होती, यात शंका नाही. ज्याला दोन्ही वाद्यं सारख्या ताकदीने येतात असा माणूस कोणत्याही बँडला हवाच असतो. दोन खुर्च्यांचं काम एका खुर्चीत. नाटकात रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात बसून तिने उजवीकडे सॅक्सोफोन आणि डावीकडे क्लॅरिनेट ठेवून अशी अदलाबदल केली आहे, की समोरच्या व्हायोलिनवाल्याला चक्कर यायची. एका टूथपेस्टच्या जाहिरातीतली सॅक्सोफोनची तान तिची. गावभर पोरं ती शिट्टीवर वाजवत फिरायची. रियाज रोजचा चार तास. घरात पाहुणे असोत, ताप असो, भिंतीला रंग लागत असो, चार तास म्हणजे चार तास. आणि वागण्यात खोटी नम्रता औषधालाही नव्हती. “छान वाजवलंत,” असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, “हो ना? मलाही आवडलं.”

फक्त एक गोष्ट राहिली होती. तीस वर्षांत तिने बावीस अल्बमांत वाजवलं आणि बावीसही अल्बम दुसऱ्यांच्या नावाचे. वेष्टनावर मोठ्या अक्षरात कुणी तरी गायक, कुणी तरी पियानोवाला आणि मग खाली, मुंगीच्या अक्षरात, ‘आणि इतर’. फुंकणी इतरांत मोडायची. बावन्नाव्या वर्षी तिने ठरवलं, आता बास. नऊ धुना रचल्या. सहा सॅक्सोफोनच्या, तीन क्लॅरिनेटच्या. स्टुडिओचे दोन दिवस ठरले. साथीला तिचा जुना पियानोवाला, जो बोलण्यापेक्षा सुस्कारे जास्त टाकतो. आणि तो रेकॉर्डिंगनंतर चौथ्या दिवशी आठ महिन्यांसाठी जहाजावर नोकरीला जाणार होता. या धुना त्याच्याशिवाय उभ्याच राहत नव्हत्या. म्हणजे आता, नाही तर पुढचं वर्ष. आणि पुढच्या वर्षावर फुंकणीचा विश्वास कधीच नव्हता.

रेकॉर्डिंगला वीस दिवस उरले असताना पुढचा दात हलला.

सॅक्सोफोनची चोच तोंडात धरतात तेव्हा खालचा ओठ दातांवर दुमडतात, पण वरचे दोन दात थेट चोचीवर टेकलेले असतात. सगळा भार त्या दोघांवर. चाळीस वर्षं त्या दोघांनी इमानेइतबारे काम केलं. त्यांपैकी डावा लहानपणी सायकलवरून पडताना दुखावलेला होता. त्याला तडा गेला.

भावाने दात तपासला, बारीक तारेने शेजारच्या दाताला बांधला, वर सिमेंट लावलं आणि चष्मा कपाळावर चढवून हुकूम सोडला, “तीन आठवडे कडक काही चावायचं नाही. सफरचंद नाही, बदाम नाही, पावाची कड नाही, मक्याचं कणीस तर स्वप्नातसुद्धा नाही. ऐकतेस ना?”

“ऐकते.”

आणि तिने ऐकलं! आठ दिवस तिने सूप, केळी आणि कुस्करलेला बटाटा यांवर काढले. पाव दुधात बुडवून खाल्ला. पेन्सिल चावायची जुनी सवय सोडली. इतकी आज्ञाधारक पेशंट भावाने जन्मात पाहिली नसेल. आणि या आठही दिवशी, रोज चार तास, तोच बांधलेला दात तिने सॅक्सोफोनच्या कडक काळ्या चोचीवर दाबून धरला.

आठव्या दिवशी दुपारी, पाचव्या धुनेच्या मधोमध, दात तारेसकट आडवा झाला.

भाऊ खुर्चीशेजारी उभा राहून आरशातून तिच्या तोंडात बघत होता आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“तुला बजावलं होतं मी, कडक काही चावू नकोस म्हणून!”

“आवलं उथे?” ती तोंड उघडं ठेवून म्हणाली.

“काय?”

तिने त्याचा हात तोंडातून बाहेर काढला. “चावलं कुठे मी? मी वाजवलं.”

खुर्चीशेजारची पाण्याची नळी बुडबुडत होती.

“वाजवलंस,” भाऊ म्हणाला. “या दातावर.”

“मग कशावर वाजवू, गुडघ्यावर? तू सफरचंद म्हणालास, बदाम म्हणालास, कणीस म्हणालास. यादीत सॅक्सोफोन नव्हता.”

“अगं, तो काय खायचा पदार्थ आहे?”

“तेच तर म्हणतेय मी!”

भाऊ स्टुलावर बसला. पंचवीस वर्षं दातांची डॉक्टरी केलेला माणूस, सख्ख्या बहिणीचं तोंड दिवसाचे चार तास कशात असतं हे त्याला ठाऊक, आणि नेमकं तेच सांगायचं राहिलं. रागवायचं कुणावर हा प्रश्न होता. शेवटी तो दातावरच रागावला आणि तो काढून टाकला.

नवा पक्का दात बसायला चार महिने. तोवर काढ-घाल करायचा एक खोटा दात. दिसायला छान, पण चोच टेकवली की उडून पियानोत पडेल असा. आणि जखम भरेपर्यंत पाच दिवस बंदी. या वेळी भावाने यादीत फट ठेवली नाही. “वाजवायचं नाही. फुंकायचं नाही. शिट्टी नाही, फुगा नाही, गरम चहावर फुंकरसुद्धा नाही.”

“श्वास घेऊ ना?”

“नाकाने.”

फुंकणी हसली, पण घरी येऊन सॅक्सोफोनच्या पेटीकडे बघत बराच वेळ जेवणाच्या टेबलाशी बसून राहिली. पियानोवाल्याला फोन केला. त्याने सुस्कारा टाकला, मग दुसरा टाकला, आणि म्हणाला, “बघ बाई, सॅक्सोफोनला कुणी दुसरा बोलावू. धुना तुझ्याच राहतील. नावही तुझंच.”

“माझ्या नावाने दुसरा वाजवणार आणि मी इतर? नको रे बाबा. इतर होण्याचा मला पुरेसा अनुभव आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ न सांगता घरी आला. हातात खिशातला छोटा टॉर्च. चहा नको म्हणाला, उभ्याउभ्याच बोलू लागला.

“माझ्याकडे एक म्हातारा पेशंट येतो. पोलिस बँडमधला, निवृत्त. वरची पूर्ण कवळी आहे. पण तो क्लॅरिनेट वाजवतो अजून. मी विचारलं त्याला एकदा, दात टेकवता कुठे? म्हणाला, टेकवतच नाही. वरचा ओठसुद्धा आत दुमडायचा. असा.” आणि दोन्ही ओठ आत घेऊन त्याने टॉर्चची मूठ तोंडात धरली, गाल आत ओढले, डोळे मोठे केले. आतल्या खोलीतून दारात आलेली त्यांची म्हातारी आई हे ध्यान बघून जागच्या जागी थांबली.

“हा पण फुंकायला लागला?” आई म्हणाली. “एक होती ती काय कमी होती?”

“दोन्ही ओठ,” फुंकणी हळूच म्हणाली. जुन्या काळचे क्लॅरिनेटवाले तसं वाजवत हे तिने ऐकलं होतं, पण चांगले दात असताना ओठांना छळायचं कशाला म्हणून कधी करून बघितलं नव्हतं. मग ती भावाकडे वळली. “तू कशाला विचारलंस रे त्याला? तुला तर यातलं काही कळत नाही.”

“सहज,” भाऊ म्हणाला, टॉर्च पुसून खिशात ठेवला आणि दवाखान्याला उशीर झाला म्हणून पळाला.

बंदीचे पाच दिवस फुंकणीने कागदावर वाजवलं. सॅक्सोफोनच्या सहाही धुना क्लॅरिनेटसाठी नव्याने लिहिल्या. हे नुसतं उतरवून काढणं नव्हतं. दोन वाद्यांचे सूर वेगळ्या पट्टीत लिहितात, हे एक. शिवाय सॅक्सोफोनवर अंगठ्याची किल्ली दाबली की बोटं तीच ठेवून सरळ एक मजला वर जाता येतं; क्लॅरिनेटची किल्ली दाबली की ते दीड मजला वर नेऊन जिन्यात उभं करतं. प्रत्येक वळणावर बोटांचा रस्ता बदलायचा. टेबलावर खोडरबराचा कीस जमला. सॅक्सोफोनच्या जिथे जिथे आरोळ्या होत्या तिथे तिने पेन्सिल थांबवली. दुमडलेल्या ओठांनी आरोळी निघणार नाही. मग तिथे काय? काही जागी तिने तीच गोष्ट हळू आवाजात लिहिली. काही जागी काहीच लिहिलं नाही.

सहाव्या दिवशी क्लॅरिनेट तोंडाला लावलं. पहिला आवाज आला तो दार करकरल्यासारखा. दहा मिनिटांत वरचा ओठ पेटला. सॅक्सोफोनवरही तोच प्रयोग करून बघितला. त्याची चोच इतकी जाड, की जखमेवर कुणी उभं राहिल्यासारखं वाटलं. पेटी बंद केली. क्लॅरिनेटचं वजन ओठांवर येऊ नये म्हणून खुर्चीत बसून त्याचं टोक गुडघ्यावर टेकवायला शिकली. दहा मिनिटं वाजवायचं, दहा मिनिटं बर्फ. पुन्हा दहा. या सरावाच्या चौथ्या दिवशी मधल्या सुरांत एक वेगळाच आवाज सापडला. गोल, उबदार, कडा नसलेला. दातांच्या आधाराने तो चाळीस वर्षांत एकदाही निघाला नव्हता. फुंकणी थांबली, आरशासमोर गेली, दाताची खिंड दाखवत स्वतःला म्हणाली, “वा!”

रेकॉर्डिंगला भाऊ हजर. एका हातात बर्फाचा डबा, दुसऱ्या हातात औषधाची पेटी. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टच्या शेजारी खुर्ची ओढून तो असा बसला, की यंत्र त्यालाच चालवायचं आहे. पहिल्या दिवशी चार धुना झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चार. ओठ वड्याएवढा सुजला. शेवटची राहिली ती नववी. मुळात सॅक्सोफोनच्या सगळ्यांत मोठ्या आरोळीसाठी रचलेली.

“बघ बाई, ही उद्या…” पियानोवाला म्हणाला आणि त्याला आठवलं, उद्या स्टुडिओ नाही.

“एकदाच जमेल,” फुंकणी म्हणाली. “दुसऱ्यांदा ओठ नाही म्हणेल. तेव्हा चुकायचं असेल तर आधीच चुकून घे.”

वाजवायला लागले. पियानो पुढे, ती मागे, मग दोघं सोबत. आरोळीच्या जागेपाशी आले तेव्हा पियानोवाल्याने सवयीने दोन्ही हात उचलले, जोरात आपटण्यासाठी. समोर फुंकणीने इतका बारीक सूर धरला होता, की त्याचे हात तसेच हवेत राहिले. त्याने ते खाली आणलेच नाहीत. आणि ती एकच सूर धरून राहिली, घड्याळ नसताना, ओठ पेटलेला असताना, हळूहळू वाढवत, मग तितक्याच सावकाश विझवत. मग पियानोवाल्याने एका बोटाने एक पट्टी दाबली. संपलं.

रेकॉर्डिस्टने घसा साफ केला आणि आतून विचारलं, “मस्त झालं. पण खबरदारी म्हणून अजून एक घेऊ या का?”

फुंकणी क्लॅरिनेट पुसत होती. तिने उत्तर द्यायच्या आत काचेपलीकडून माईकवर भावाचाच आवाज आला, घाईघाईचा, वैतागलेला.

“नको, नको! हात लावू नका त्याला. चुकलेलं नाही ते.”

“तुला काय कळतं?” फुंकणीने विचारलं. ओठ सुजल्यामुळे बोबडंच.

“काही कळत नाही,” भाऊ म्हणाला. “बर्फ लाव.”

ती आत गेली, त्याच्या शेजारी खुर्ची ओढली आणि ओठावर बर्फ धरून रेकॉर्डिस्टला खूण केली. “सुरुवातीपासून लाव. मोठ्याने.”